बेळगाव-हलशी-चोर्ला-आंबोली चॅरिटी सायकल राईड: फी, चढ, जेवण आणि जमलेले पैसे कुठे गेले, सगळं

ती खानापूर तालुक्यातल्या शाळकरी पोरांना सायकली देण्यासाठीची राईड कशी होती, फी जास्त वाटते का, चाळिशी ओलांडलेल्या बायकांना जमेल का, असं इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते. घाईत असाल तर एवढंच वाचा: नक्की जा, माझ्याकडून पाचातले साडेचार स्टार, अर्धा कापलाय तो बायकांच्या टॉयलेटसाठी आणि शेवटच्या संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांमधून आणलं त्यासाठी. बाकी ज्यांना वेळ आहे त्यांनी चहा घेऊन बसा, मोठं लिहिणार आहे.

पहिल्यांदा पैशाचं बोलते. चॅरिटी राईड म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की जमलेल्यातलं किती बॅनर, टी-शर्ट आणि हारतुऱ्यात जातं आणि किती खरंच पोचतं. इथे एंट्री फी ४,५०० रुपये होती, त्यात राहणं, दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, सपोर्ट गाडी, मेकॅनिक सगळं आलं. देणगी वेगळी. प्रत्येकाने आपल्या ओळखीपाळखीत फिरून किमान ८,००० रुपये जमवायचे आणि ते देणाऱ्याने थेट ट्रस्टच्या खात्यात टाकायचे, आपल्या हातातून जायचेच नाहीत. म्हणजे माझ्या जेवणाचा खर्च माझ्या फीतून, आणि माझ्या शेजारच्या काकूंनी पेन्शनमधून दिलेले ५०० रुपये पूर्णच्या पूर्ण सायकलींना. हे दोन हिशोब त्यांनी कुठेही एकत्र होऊ दिले नाहीत आणि पहिल्या रात्री खानापूरच्या हॉलमध्ये भिंतीवर दोन कागद चिकटवले होते, एक फीचा, एक देणगीचा, सायकलींचं बिल दुकानाच्या शिक्क्यासकट. कुणीही जाऊन वाचा. मी बँकेत काम करते, अशा कागदाकडे बघायची सवय आहे, मला तो कागद बघून खूप बरं वाटलं. मेडल नाही, ट्रॉफी नाही, टी-शर्ट पाहिजे असेल तर वेगळे पैसे भरून घ्या, नको असेल तर आपल्या जुन्या शर्टवर चालवा. असंच पाहिजे.

देणगी मागायला जाताना एक लक्षात ठेवा, लोक ८०जी, म्हणजे देणगीवर मिळणारी इन्कम टॅक्सची सूट, विचारतात. ट्रस्टला ८०जी आहे, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर त्याची सूट मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकनेच द्यायला सांगा. आणि जे नव्या टॅक्स रिजीममध्ये आहेत त्यांना ही सूटच नसते, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर कुणाची नाराजी नको. माझ्या अनुभवाने सांगते, सूट नाही म्हटल्यावरही फार कमी लोक मागे हटतात.

आता रूट. बेळगावातल्या वॅक्सिन डेपोवरून सुरुवात, तिसरं गेट, पिरनवाडी, मच्छे करत खानापूर, तिथून नंदगड, हलशी आणि परत खानापूर. पुढचा टप्पा खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि मुक्कामाला परत जांबोटी. त्यानंतर बेळगाव शहरात न शिरता पश्चिम भागातून राकसकोप, तुडये, शिनोळी करत चंदगड, आणि शेवटी आंबोली करून बेळगावला परत. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. ज्यांनी हा भाग फक्त गाडीतून बघितलाय ते म्हणतात बेळगाव काय पठारावर आहे, साडेसातशे मीटर उंचीवर, आपण काय घाट चढणार, घाट तर गोव्याच्या आणि सावंतवाडीच्या बाजूला. ते खरं आहे, खरा घाट पलीकडे उतरतो. पण आपल्या बाजूचा रस्ता सपाट नाही हो, सारखा चढ-उतार, चढ-उतार, एक टेकडी संपली की ओढा, ओढा संपला की टेकडी. घाटात निदान एकदा लय लागली की ती टिकते, इथे लय लागेपर्यंत उतार येतो आणि उतारावर जरा श्वास घ्यावा तर समोर परत चढ उभा. संध्याकाळपर्यंत मांड्या बोलायला लागतात.

सुरुवात पहाटे अंधारात केली त्याबद्दल आयोजकांचे आभार, कारण खानापूर हायवेवर उजाडल्यानंतर अवजड गाड्या वाढतात. सगळ्यांच्या सायकलला मागे लाल ब्लिंकर कंपल्सरी होता, नसेल त्याला सोडलंच नाही. एका मुलाला तिथल्या तिथे उभं करून दुसऱ्याचा जादाचा ब्लिंकर लावून मगच सोडलं. गणेबैल टोल नाक्याच्या पुढे धुकं, दोन्ही बाजूला कापलेल्या भाताचा वास, मळण्या चाललेल्या. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीजवळ थांबलो. २६ जानेवारी १८३१ ला त्यांना इथे फाशी दिली. आपल्याकडे ही तारीख झेंडावंदनाची म्हणूनच सगळ्यांच्या डोक्यात असते, तिथला फलक वाचून आमच्यातली कॉलेजची पोरं गप्प झाली. तिथे एक आजोबा बसले होते, आम्हाला बघून आधी कन्नडमध्ये "बर्री, कूडरी, नीर बेकेन्री?" (या, बसा, पाणी पाहिजे का?) आणि आम्ही आपसात मराठी बोलतोय कळल्यावर लगेच "मग पाणी पिऊन जावा की, एवढी घाई कशाला" म्हणून तांब्या पुढे केला. ह्या भागात सायकलवर फिरायचं सुख काय ते इथे आहे, गाडीची काच खाली करून कुणी असं पाणी विचारत नाही.

हलशीत मात्र वेळ कमी दिला. भूवराह नरसिंहाचं देऊळ, जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी म्हणतात ती हीच, एवढं सगळं आपल्यापासून एका सकाळच्या अंतरावर आणि आम्हाला फोटो काढून निघायची घाई. पुढच्या वेळी इथे कमीत कमी तासभर ठेवा.

आता ज्यासाठी राईड आहे त्या शाळेबद्दल. जांबोटीकडे जाताना एका गावातल्या हायस्कूलला थांबलो, गावाचं नाव घालत नाही, मुलं लहान आहेत. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये शाळा सातवीपर्यंत, आठवीपासून इथे यावं लागतं. एसटी आहे पण तिच्या वेळा आणि शाळेच्या वेळा जुळत नाहीत, त्यात जंगलातला रस्ता, गवे आहेत, अस्वलाची भीती आहे, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत लवकर अंधार पडायला लागला की घरचे मुलींना पाठवायलाच कचरतात. बाई सांगत होत्या, दहावीपर्यंत मुलीला टिकवणं हा अर्धा प्रश्न रस्त्याचाच आहे. त्या काय भाषण म्हणून बोलत नव्हत्या, हातात हजेरीचं रजिस्टर होतं आणि त्यातली कुठली मुलगी कुठल्या वाडीवरून येते ते बोट ठेवून दाखवत होत्या.

सायकली साध्या, काळ्या, बिनगियरच्या, मागे कॅरियर, चेन कव्हर. आमच्यातल्या एकाने विचारलं की चढाचा भाग आहे तर गियरच्या का नाही घेतल्या, तर आयोजकांचं उत्तर मला पटलं: गियरची सायकल बिघडली की खानापूरच्या बाजारात पार्ट मिळायचा नाही, मेकॅनिक मिळायचा नाही, सहा महिन्यांत ती गोठ्यात उभी राहणार. ह्याचं ब्रेक रबर, चेन, ट्यूब कुठल्याही बाजारच्या दिवशी मिळते. चढ आला की पोरं उतरून ढकलतात, दप्तर कॅरियरवर असतं, तरी चालण्यापेक्षा लवकर पोचतात.

आणि त्यांनी नुसत्या सायकली देऊन फोटो काढले नाहीत. प्रत्येक शाळेला एक उभा पंप, पंक्चरचा डबा, पाने, आणि प्रत्येक सायकलमागे थोडी रक्कम मेंटेनन्स म्हणून बाईंकडे वेगळी ठेवलेली. आमच्याबरोबरच्या मेकॅनिक अण्णांनी वर्गाबाहेर पोरांना गोळा केलं, बादलीत पाणी मागवलं आणि एका मुलीला म्हणाले, ये तू कर. आठवीतली असेल, बारीक अंगाची. तिने ट्यूबमध्ये हवा भरली, पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत आणली आणि बुडबुडे आले तिथे अंगठा दाबून धरला. मग पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच चिकटवायला गेली तेव्हा अण्णांनी हात धरला, "थांब गं बाई, वाळू दे, बोटाला चिकटायचं बंद झालं की मगच लाव, नाहीतर उद्या परत सुटतंय." ती बोट लावून बघत उभी, मागे तीस-चाळीस पोरं एकदम शांत. पॅच बसल्यावर तिने ट्यूब परत पाण्यात घातली, बुडबुडा नाही, आणि तिने वर बघितलं. मग तिच्या सायकलची सीट तिला उंच होत होती ती खाली करून दिली, दोन्ही ब्रेक दाबून बघायला लावले आणि सांगितलं, उताराला पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही, दोन्ही मिळून दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. मला विचाराल तर अख्ख्या राईडमधली सगळ्यात महत्त्वाची पंधरा मिनिटं ही होती. आमच्या बेळगावातही कितीतरी संस्था सायकली वाटतात, त्यांनी फक्त एवढं जरी उचललं, पंप आणि पंक्चर शिकवणं, तरी त्या सायकली जास्त वर्षं रस्त्यावर राहतील.

शाळा मराठी होती, दुसऱ्या गावातली कन्नड होती, दोन्हीकडे सारखंच दिलं. पोरांना दोन्ही भाषा येतातच. ह्याचा वेगळा उल्लेख करते कारण आपल्याकडे अशा गोष्टीवरून चांगली कामं अडतात आणि इथे आयोजकांनी तो विषय येऊच दिला नाही, निमंत्रण दोन्ही भाषेत, आभार दोन्ही भाषेत.

जांबोटी ते कणकुंबी हा रस्ता माझ्या आवडीचा. झाडी दाट होत जाते, माती लाल होते, हवा गार. रस्त्याची अवस्था मात्र दर पावसाळ्यानंतर वेगळी असते, ह्या वेळी काही तुकडे चांगले, काही ठिकाणी नुसती खडी, त्यामुळे पातळ टायरवाल्यांची पंक्चर इथेच जास्त झाली. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. आपण खानापूरला ज्या पुलावरून जातो, कुसमळीला ज्या पुलावरून जातो, ती नदी इथून निघते, पूर्वेला तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि ह्याच डोंगरांतून म्हादई उलट बाजूला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला जाते. कर्नाटक-गोवा पाणीवादात पेपरात सारखं वाचतो तो कळसा नाला इथलाच. रस्ता एवढा वरखाली का आहे ते पण इथेच कळलं, सगळ्या बाजूंना पाणी वाहून डोंगर कातरलेत. आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त भूगोलाचे सर होते, त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून हे इतकं सोपं करून सांगितलं की पाय दुखायचं विसरून सगळे ऐकत बसलो.

चोर्ल्याच्या वरच्या अंगाला गोव्याची हद्द लागते तिथपर्यंत सगळे गेलो. ज्यांच्यात दम होता ते केरीच्या बाजूला उतरून परत चढून आले, तो ऐच्छिक भाग होता आणि आयोजकांनी त्यात कुणालाही ढकललं नाही हे बरं केलं. उतारावर जाणाऱ्यांना आधी ब्रेक दाखवूनच सोडत होते, एकाचे ब्रेक पॅड झिजलेले निघाले तर बदलून दिले, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

सायकल कुठली न्यायची हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा खोलात सांगते. ब्रँडपेक्षा गियर बघा. पुढच्या लहान चक्राला ३४ दात आणि मागच्या मोठ्याला २८ असतील तर ह्या रस्त्याला जड पडतं, तरुण पोरांना चालेल, आपल्याला नाही. मागे ३२ किंवा ३४ असेल तर पुढचं आणि मागचं जवळजवळ सारखं होतं, म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक एकदाच फिरतं, वेग कमी पण गुडघे शाबूत. पुढे तीन चक्रांची साधी एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर उत्तमच, जड असते पण चढ कुठलाही निघतो. टायरची रुंदी ३२ मिमीच्या खाली नको, जमलं तर ३५ नाहीतर ४०. रोड बाईकवाले वेगात पुढे गेले आणि खडीच्या तुकड्यात आम्ही त्यांना परत गाठलं. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांच्यासाठी भाड्याच्या सायकलींची सोय होती, ती मात्र सुधारा. गावातल्या एका दुकानातून आणलेल्या होत्या, दिसायला नव्या पण मागचं चक्र लहान, आणि दोन-तीन सायकलींचे गियर नीट बसवलेलेच नव्हते, चढावर चेन घसरायची. चेन चढाच्या मधोमध घसरली की तोल जातो, मागून गाडी असेल तर ते धोक्याचं आहे. भाड्याच्या सायकली निघायच्या आदल्या संध्याकाळी चढावर चालवून बघूनच द्या, एवढी विनंती.

सपोर्ट गाडीला मात्र पूर्ण मार्क. एक पुढे, एक सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे, आणि शेवटचा माणूस कितीही हळू असला तरी गाडीने कधी हॉर्न मारला नाही. माझ्याबरोबर माझी नणंद होती, पन्नाशीच्या पुढची, जांबोटीच्या अलीकडे तिच्या पोटऱ्यांना गोळे आले. गाडीतला मुलगा उतरला, "काकू, घाई नाही, बसा की सावलीत" म्हणाला, मीठ-साखर-लिंबू पाणी दिलं, पाय ताणून दाखवले आणि अर्ध्या तासाने विचारलं, "आता सायकलवर का गाडीत? दोन्ही चालतंय." ती सायकलवरच गेली. ज्यांना गाडीत बसावं लागलं त्यांनाही कुणी कमीपणा आणला नाही, संध्याकाळी सगळ्यांच्या नावाने सारख्याच टाळ्या. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला धीर वाटतो तो ह्यानेच.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर बेळगावकर म्हणून माझी नोंद काढून घेतील. सकाळी उप्पीट आणि शिरा, कुठे पोहे. वाटेत जवारी केळी, शेंगा-गूळ, ताक. पॅकेटमधले एनर्जी बार वगैरे काही नाही, गरजही पडली नाही, तासा-दीड तासाने केळं नाहीतर मूठभर शेंगा-गूळ खात राहिलं की पुरतं. भूक लागेपर्यंत थांबू नका फक्त, भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो. जांबोटीच्या मुक्कामाला गावातल्या बचत गटाच्या बायकांनी रांधलं होतं, नाचणीची भाकरी, मसूरची उसळ, गरम भात, सोलकढी आणि खर्डा. भाकरी तव्यावरून थेट ताटात. थंडी चांगलीच होती, आम्ही चुलीच्या बाजूला बसून जेवलो आणि त्या मावश्या भाकरी वाढताना सारख्या विचारत होत्या, "एवढं लांब सायकलवर आलासा, घरात पोरं कोण बघतंय?" त्यांना पैसे चोख दिले, जेवणाआधीच, हे मी स्वतः बघितलं. बाहेरून केटरर आणला असता तर हा पैसा बेळगावातच राहिला असता, इथे तो त्याच गावात गेला ज्या गावच्या मुलींसाठी आम्ही चाललो होतो.

राहायची सोय साधी. हॉलमध्ये गाद्या, बायकांना वेगळी खोली, आंघोळीला गरम पाणी बंबाचं. पांघरूण मात्र आपलं न्या, जांबोटीला पहाटे हात आखडतात.

पश्चिम भागातून चंदगडला जायचा टप्पा म्हणजे आपल्या बेळगाव तालुक्याचं सगळ्यात सुंदर रूप, आणि तो किती जणांना माहीतच नाही. कर्ले, बिजगर्णी, बेळगुंदी ह्या पट्ट्यातून राकसकोप. ज्या धरणाचं पाणी शहरातल्या नळाला येतं ते मार्कंडेय नदीवरचं धरण आमच्या टीममधल्या निम्म्या शहरातल्या लोकांनी पहिल्यांदा बघितलं. शेतात रताळी काढायचं काम चाललं होतं, एका शेतकऱ्याने बांधावरून हाक मारून ओंजळभर रताळी दिली, पैसे घेतले नाहीत. तुडयेला आलो की महाराष्ट्र. रस्त्यावर बोर्ड बदलतो, बाकी माती तीच, भाषा तीच, काजूच्या बागा वाढत जातात. चंदगडला रात्री काळ्या वाटाण्याची आमटी आणि तांदळाची भाकरी, आणि तिथल्या शाळेतल्या सरांनी विचारलं की पुढच्या वेळी आमच्याकडच्या वाड्यांचाही विचार करा. आयोजकांनी लगेच हो म्हटलं नाही, आधी घेतलेल्या शाळांच्या सायकली नीट चालतात का ते वर्षभर बघतो, मग बोलू, असं सांगितलं. मला हे उत्तर आवडलं.

आंबोलीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलेली आहे. फक्त एक, हिरण्यकेशीच्या उगमाला पहाटे गेलात तर जा, दहानंतर गर्दी होते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, बायकांच्या टॉयलेटची. खानापूरला ठीक होतं, जांबोटीला ठीक होतं, पण जांबोटी ते चोर्ला आणि परत ह्या सगळ्या पट्ट्यात काहीच सोय नव्हती. पुरुष गाडी बाजूला लावून मोकळे होतात, आम्ही पाणी कमी पिऊन काढलं. पाणी कमी पिणं म्हणजे चढावर गोळे येणं, चक्कर येणं, हे डॉक्टरने सांगायची गरज नाही, माझ्या नणंदेचे गोळे कशाने आले ते आम्हा दोघींनाही माहीत आहे. कणकुंबीत एखाद्या घरी किंवा शाळेत आधी सांगून ठेवलं, थोडे पैसे दिले, तर हा प्रश्न सुटतो. मी हे आयोजकांना तिथेच बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं.

दुसरी, शेवटच्या दिवशीची वेळ. आंबोलीहून बेळगाव सत्तरेक किलोमीटर, आम्ही निघालोच उशिरा कारण तिथे एक छोटा सत्कार ठेवला होता. नागनवाडी, हलकर्णी, पाटणे फाटा करत शिनोळीला येईपर्यंत ऊन कललं, आणि हे दिवस गळीत हंगामाचे. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. बाचीपासून पुढे हिंडलग्यापर्यंत मी जीव मुठीत धरून चालवलं. मार्शलनी सगळ्यांना एका रांगेत घेतलं, मागची गाडी इंडिकेटर लावून आमच्या पाठीशी राहिली म्हणून काही झालं नाही, त्यांचं कौतुकच. पण सत्कार आदल्या रात्री उरकता आला असता. सकाळी सातला निघालो असतो तर दुपारी जेवायला घरी.

तिसरी लहान आहे, फर्स्ट एडची पेटी एकच होती आणि ती नेमकी पुढच्या गाडीत. मागे एक मुलगा खडीत पडला, कोपर खरचटलं, पेटी यायला वीस मिनिटं लागली. दोन्ही गाड्यांत ठेवा.

तयारी म्हणाल तर दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोन-तीनदा चालवा, आणि रविवारी एकदा येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून या. गडाचा चढ न उतरता जमला की ह्या राईडमधला कुठलाही चढ जमेल. पॅड असलेली शॉर्ट घ्या, त्यात पैसे वाचवू नका. हेल्मेट स्वतःचं, डोक्याला घट्ट बसणारं. एक जादा ट्यूब आपल्या मापाची, कारण सगळ्यांच्या मापाच्या ट्यूब गाडीत नसतात.

दिवाळीनंतरच्या थंडीत राईड असते, नावं दसऱ्याच्या आधीपासून घेतात आणि जागा कमी असतात कारण गाड्या आणि मेकॅनिक जेवढ्यांना पुरतील तेवढेच घेतात. मैत्रिणींनो, नाव घालताना फोनवर टॉयलेटचं आवर्जून विचारा, फॉर्म भरायच्या आधी विचारा. मी एकटीने सांगून झालंय, पाच-सहा जणींनी विचारलं की कणकुंबीची सोय ह्या वर्षीच होईल.